चौकची आगोट, फटफटीवरून

रविवार, १२ मार्च १९८९. स्थळ: भाईंदर पूर्व, केबिन रोडच्या मागे, आमच्या घराला लागून असलेली पत्र्याची शेड. हजर: आई, थोरला भाऊ सुधीर, मीरा रोडहून आलेला, बूट न काढता उभा, धाकटा भाऊ प्रकाश, घरातलाच, पण सुधीरकडे पाठ करून, दोघांच्या मधली मी, उषा, आणि ताडपत्रीखाली बाबांची फटफटी. गैरहजर: बाबा. त्यांना जाऊन तिसरं वर्ष चालू होतं.

हजेरी मांडायची सवय मला कारखान्यातून लागली. स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते. कोण आलं, काय घेऊन गेलं, काय परत आणलं, हे तिथल्या तिथे लिहिलं नाही तर संध्याकाळी प्रत्येक जण म्हणतो, मी तर आलोच नव्हतो. घरच्या गोष्टीही मी तशाच मांडून ठेवते. घरात तर लोक अजून लवकर विसरतात.

त्या दिवशी आईने दोन्ही मुलांना शेडमध्ये उभं केलं, ताडपत्री ओढून खाली टाकली आणि म्हणाली, "यंदाची आगोट चौकची. मी फटफटीवरून जाणार. बसने नाही, रिक्षाने नाही. दोघांनी मिळून ही चालू करा."

ताडपत्रीवरची धूळ खूप उडाली.

आता दहा वर्षांनी पुन्हा मे लागलाय आणि आमच्या भागात दोन वास सुटलेत. एक खाडीकडून येणारा, मिठागरांचा, ओला आणि खारट, दुपारी डोळ्यांना झोंबणारा. दुसरा टोपल्यांतून दारोदार फिरणाऱ्या सुक्या मासळीचा. पावसात होड्या किनाऱ्याला लागतात, बाजारात ताजं काही नसतं, म्हणून त्याआधी घरोघर बोंबील, सोडे, जवळा, सुकट भरून ठेवायची. याला आगोट म्हणतात. आईची आगोट चौकची, उत्तनपलीकडच्या कोळीगावातली. नव्या इमारतींतली माणसं या वासाने खिडक्या लावून घेतात. मला खिडकी लावावीशी वाटत नाही, मला राग येतो. पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्र घालून, झाकण घट्ट लावून ठेवलेल्या बोंबलासारखा तो राग आहे. वर्षभर टिकतो आणि झाकण उघडलं की तोच वास.

बाबा वीजपुरवठ्याच्या लाइनवर नोकरीला होते. फटफटी त्यांनी जुनीच घेतली होती. अडीचशे सीसीची, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सरची, पोटाशी गोल आणि जड. तिची एक खोड होती. किक मारायची जी दांडी, तीच पुढे वळवली की गिअरची दांडी व्हायची. नवखा माणूस किक मारून झाली की गिअर शोधत बसायचा. बाबांना गंमत वाटायची. "अरे, पायाखालीच आहे," म्हणायचे.

आईला त्यांनी सिनेमाला कधी नेलं नाही. साडी घ्यायला ती शेजारणींबरोबर जायची, दवाखान्यात माझ्याबरोबर. वर्षातून एकदा, मे महिन्यात, बाबा तिला चौकला न्यायचे. आई मागे एका बाजूला पाय सोडून बसायची, मांडीवर रिकामी कापडी पिशवी. रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला, मग मुर्धा, राई, मोर्वा, दोन्ही बाजूंना मिठागरं आणि त्यांत पांढरे ढीग, मग डोंगरीचा चढ, उत्तन, आणि शेवटी चौक, समुद्राच्या तोंडावर. येताना पिशवी भरलेली असायची. त्या दिवशी आईच्या साडीला दोन वास यायचे, सुक्या बोंबलाचा आणि निळ्या धुराचा. ती साडी ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत धुवायची नाही. कपडे मी धुवायचे, म्हणून मला ठाऊक.

लोक म्हणतात, तुमच्या आईने काय युक्ती केली, न बोलणारे भाऊ एकत्र आणले. असं बोलणाऱ्या माणसांना आई ही जागच्या जागी उभी राहून दुसऱ्यांची भांडणं सोडवणारी वस्तू वाटते. मी तिथे हजर होते. आईला भाऊ एकत्र आणायचे नव्हते. तिला फटफटीवर बसायचं होतं.

अबोला कसा लागला तेही सांगून टाकते. बाबांच्या तेराव्याला, पंगत उठायच्या आत, सुधीर नातेवाइकांसमोर म्हणाला, "घरात राहणाऱ्याने त्यांना वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतं तर आज हे जेवण जेवावं लागलं नसतं." घरात राहणारा म्हणजे प्रकाश. प्रकाश हातातलं वाढप खाली ठेवून म्हणाला, "आणि मीरा रोडला पूनम सागरमध्ये फ्लॅट घेऊन पळालेल्याने निदान फोन केला असता तर तोंड उघडायचा हक्क राहिला असता." एवढंच. मारामारी नाही, शिव्या नाहीत. दोघांनी हात धुतले आणि बोलणं थांबलं.

अबोला म्हणजे शांतता, असं ज्याला वाटतं त्याने तो घरात पाहिलेला नाही. आमच्या शेडमध्ये त्या उन्हाळ्यात जेवढी बडबड झाली तेवढी आधीच्या दहा वर्षांत झाली नव्हती. फक्त ती सगळी माझ्याशी झाली.

"उषा, त्याला सांग, इंजिनाचं हेड खोलताना बोल्ट आळीपाळीने सैल कर. एकच पिळत बसलास तर हेड वाकेल."

प्रकाश हातभर अंतरावर बसलेला. "ताई, त्याला सांग, मला कळतं."

"त्याला विचार, कळतं तर या बोल्टचे आटे कुणी मारले?"

"त्याला सांग, बाबांनी. आणि त्यांना जाऊन विचार म्हणावं."

मी मधल्या स्टुलावर बसून रॉकेलमध्ये नट धूत असायचे आणि शब्दन् शब्द पोचवायचे. दोघांना एकमेकांचं ऐकू येत होतं, हे तिघांनाही माहीत होतं. तरी मी सांगितल्याशिवाय कुणी हात हलवायचं नाही. सुधीरने "पाना दे" म्हटलं तर प्रकाश पाना हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघायचा. मी "पाना दे" म्हटलं की द्यायचा. मलाच द्यायचा. मी सुधीरला द्यायचे.

सुधीर बँकेत होता, म्हणून रविवारचा. प्रकाश भांड्यांना पॉलिश करणाऱ्या गाळ्यात कामाला, तो रोज संध्याकाळचा. सुधीर रविवारी जे बसवून जायचा ते प्रकाश सोमवारी खोलायचा आणि तसंच्या तसं पुन्हा बसवायचा. पुढच्या रविवारी सुधीर बघायचा, वॉशर एक केसभर सरकलाय, आणि म्हणायचा, "उषा, त्याला सांग, मी आंधळा नाही."

काम मात्र होत गेलं, हे कबूल करायला हवं. भाईंदरला लोखंड नुसतं ठेवलं तरी गंजतं, हवेतच मीठ आहे. अडीच वर्षं न हललेल्या गाडीचा एकेक भाग दुसऱ्याला चिकटून बसला होता. टाकीत रॉकेल आणि सायकलच्या चेनचे तुकडे टाकून प्रकाशने ती मांडीवर घेऊन हलवली, दिवसेंदिवस, एखादं पोर निजवावं तशी, आणि आतून चहासारखं पाणी निघत राहिलं. सायलेन्सर त्याने गाळ्यात नेऊन असे चमकवून आणले की आईने त्यात बघून केस नीट केले. सुधीरने जुन्या बाजारातून कार्बोरेटरचं सामान शोधून आणलं, ठिणगीचे पॉइंट घासले, पूर्ण वायरिंग नव्याने ओढलं. प्रत्येकाच्या हाताला ते काम येत होतं. दोघांनाही बाबांनीच शिकवलं होतं, वेगवेगळ्या वर्षी. दुसऱ्यालाही येतं, याचाच दोघांना राग.

गेल्या वर्षीच्या, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या मेमधली एक गोष्ट इथेच सांगते. मी बसने चौकला गेले. दर वर्षी जाते, एकटी. मार्थाबाय गेली कित्येक वर्षं त्याच जागी बसते, प्लास्टिकच्या कागदावर बोंबलाचे ढीग लावून. तिने मला बघितलं आणि माझ्या मागे बघितलं.

"आय न्हाय आली गो?"

"नाही."

"बरी हाय ना?"

"बरी आहे. बसने यायचं नाही म्हणते."

"आनि फटफटी? इकली का?"

"नाही. शेडमध्ये आहे."

"मंग दोन पोरगं काय करतान तिचे?"

मी म्हटलं, सोडे कसे दिले. मार्थाबायने सोडे तोलले, वर मूठभर टाकले आणि म्हणाली, "हे तिला दे. सांग, चालत आली तरी चालंल." घरी आल्यावर मी निरोप सांगितला. निरोप पोचवायचा मला सराव आहे. आईने एक सोडा तोंडात टाकला, चावला आणि म्हणाली, "बसने आणलेल्याला चव राहत नाही." तेच सोडे, तीच मार्थाबाय. मी वाद घातला नाही.

एप्रिलच्या अखेरीस इंजिन पहिल्यांदा बोललं. टाकी रंगाऱ्याकडे गेली होती, म्हणून प्रकाशने सलाइनची बाटली हँडलला टांगून नळीने पेट्रोल दिलं. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइलची वेगळी जागा नसते. पेट्रोलमध्येच ठरल्या मापाने ऑइल मिसळायचं, तेच जळतं आणि जळता जळता पिस्टनला वंगण देतं. म्हणून या गाड्या धूर सोडतात. ते मिश्रण प्रकाश करायचा, औषधाच्या जुन्या बाटलीने मापून. किक सुधीरने मारली. बऱ्याच वेळाने शेडमध्ये एक ठसका बसला, मग दुसरा, आणि मग पत्रे थरथरायला लागले. निळा धूर दारातून बाहेर, अंगणात, कुंपणावरून शेजारी.

शेजारच्या जयाबेनने अंगणात खाटेवर पापड वाळत घातले होते. ती पदर नाकाला लावून कुंपणाशी आली. "उषाबेन, ये क्या है? हमारे पापड में पेट्रोल का बास आयेगा. कौन खायेगा?"

"आईला जायचंय चौकला," मी म्हटलं.

"तो रिक्षा में जाव ने."

प्रकाश म्हणाला, "ताई, तिला सांग, पापड घरात घाल." सुधीर म्हणाला, "उषा, तिला सांग, अंगण आमचं, धूर आमचा." आयुष्यात एकदा दोघांचं एकमत झालं, तेही दुसऱ्याचे पापड नासवण्यावर.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि धुराच्या मधोमध उभी राहिली. खोकली. डोळ्यांतून पाणी आलं. हलली नाही. धूर विरेपर्यंत तिथेच होती.

मग चालवणार कोण, याचं भांडण. सुधीर म्हणाला, थोरला मी. प्रकाश म्हणाला, घरात मी. तीन आठवडे माझे कान किटले. शेवटी आईने निकाल दिला: जाताना सुधीर, येताना प्रकाश. दुसरा माझ्याबरोबर रिक्षाने मागून येईल. दोघांनाही वाटलं की आपल्याला कमी मिळालं, म्हणजे वाटणी बरोबर होती.

जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, टाकी रंगून आली. गडद तांबडी, कडेने सोनेरी रेघ. प्रकाशने ती बसवली. सुधीर त्या दिवशी मुद्दाम आला होता, बघायला. जाताना म्हणाला, "उषा, त्याला सांग, उद्या जरा माणसासारखे कपडे घाल. माझ्या आईला घेऊन जायचंय."

प्रकाश म्हणाला, "ताई, त्याला विचार, आई त्याची कधीपासून झाली? भाड्याने घेतली का?"

मी हातातलं फडकं टाकीवर ठेवलं. म्हटलं, "माझं पोस्ट ऑफिस बंद. आजपासून ज्याला जे सांगायचंय त्याने त्याच्या तोंडाने सांगा." आणि आत जाऊन भांडी घासायला बसले. दोघांपैकी कुणीही मागून आला नाही. मला बरं वाटलं. अजूनही त्या शनिवारची आठवण आली की बरं वाटतं. पुढे जे झालं त्यात लोक माझाही वाटा काढतात. काढू देत.

रविवारी सकाळी हजर: सगळे. आईने मोरपंखी साडी नेसली होती. पिशवी धुऊन, इस्त्री करून घडी केलेली. सुधीर काशिमिऱ्याच्या हायवेवरच्या पंपावरून कॅनमध्ये पेट्रोल घेऊन आला आणि नव्या टाकीत ओतलं. प्रकाश शेडच्या दुसऱ्या टोकाला चाकात हवा मारत होता. फळीवर ऑइलचा डबा, डब्यावर औषधाची बाटली, रोजच्या जागी. सुधीरच्या मनात: मिश्रण नेहमी तो करतो, करेल. प्रकाशच्या मनात: पंपावर ऑइल मिसळूनच मिळतं, याने मिसळून आणलं असणार. दोघांचंही चुकीचं म्हणता येत नाही. एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य पोचवणारी बाई स्वयंपाकघरात डबा भरत होती.

आई बसली. एक हात मागच्या कडीला, दुसरा सुधीरच्या खांद्यावर. बाबांच्या खांद्यावर ती हात ठेवायची नाही, तेव्हा लोक बघायचे. गाडी पहिल्या किकला चालू झाली. जयाबेन कुंपणाशी पापड उचलून उभी होती. तिने टोपली घेऊन आत पळायची तयारी ठेवली होती, पण पळावं लागलं नाही.

फाटक उघडं मिळालं. पश्चिमेला गेल्यावर रस्ता मोकळा झाला. पुढे गाडी, मागे आमची रिक्षा. आईचा पदर तिने कमरेला घट्ट खोचला होता, तरी एक टोक सुटून हलत होतं. तिचं तोंड आम्हाला दिसत नव्हतं. पाठ दिसत होती. ताठ पाठ. राईच्या पुढे मिठागरं लागली, मीठ काढून ढीग लावायचे दिवस, उन्हात बघवत नव्हतं. रिक्षावाला म्हणाला, "गाडी तो मक्खन चल रही है." मलाही तसंच वाटलं. वारा आमच्याकडे येत होता आणि त्याला फक्त खाडीचा वास होता.

प्रकाश एकदम पुढे वाकला. "ताई, धूर कुठाय?"

मी बघितलं. चमकणारे दोन सायलेन्सर, आणि त्यांच्या मागे स्वच्छ हवा.

"ताई, धूर नाही. ऑइल नाहीये तिच्यात." मग रिक्षावाल्याला, "भाई, भगाव, आगे लो, आगे लो." रिक्षा जवळ गेली. प्रकाशने अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडला, "दादा, थांब. दादा."

पावणेतीन वर्षांतला त्याचा भावाला उद्देशून पहिला शब्द. सुधीरने तो ऐकला. मान किंचित वळवली, रिक्षा शेजारी आलेली बघितली, प्रकाशचं तोंड बघितलं. त्याला वाटलं, याला आपली पाळी आत्ताच हवी आहे. त्याने पुढे बघितलं आणि गाडी जोरात पळवली.

मोर्व्याच्या अलीकडे, वंगणाविना तापलेल्या पिस्टनने सिलिंडर धरला, इंजिन जागीच अडकलं. आवाज मोठा नव्हता. एक किंचाळी, मग मागचं चाक जागच्या जागी बंद, रस्त्यावर काळी रेघ, आणि गाडी, सुधीर, आई, तिघंही मिठागराच्या बांधावरून खाली. पाणी घोटाभर होतं. नशीब म्हणायचं तर एवढंच.

आईचं कोपर सोलून निघालं होतं. त्यावर मिठाचं पाणी. तिने ओठ आत ओढून घेतले. मी तिला उठवून बांधावर बसवलं, पिण्याच्या पाण्याने कोपर धुतलं. एक चप्पल गाळात गेली होती. खाली दोघं भाऊ गुडघ्यापर्यंत चिखलात, गाडीच्या दोन बाजूंना.

"ऑइल टाकलं नव्हतंस?" सुधीर.

"मी? पेट्रोल कुणी आणलं?"

"रोज कोण टाकतं?"

"पंपावर मिसळून देतात, तुला माहीत नाही? बँकेत एसीत बसून विसरलास?"

"सांगायचं होतंस."

"ओरडलो ना. दादा, दादा म्हणून ओरडलो. तू काय केलंस?"

"मला काय माहीत तू काय ओरडतोयस."

"आई मागे होती. आई मागे होती, दादा."

मिठागरावर काम करणारी माणसं फावडी टेकून बघत उभी होती. आई बांधावरून म्हणाली, "इतक्या वर्षांनी बोलताय. पुरे झालं. गप्प बसा." मग मला म्हणाली, "पिशवी बघ, भिजली का."

पिशवी भिजली होती.

रिक्षावाला बिचारा हळूच म्हणाला, "माताजी, चौक छोड दूं? नजदीक ही है."

"चौकला मी रिक्षाने जाणार नाही म्हटलं होतं," आई मला म्हणाली. "त्याला घरी चल म्हणून सांग. घरी जायला रिक्षा चालते." एका पायात चप्पल घालून ती रिक्षात बसली.

गाडी दोघांनी ढकलत आणली, मोर्व्यापासून केबिन रोडपर्यंत, मेच्या उन्हात, एक हँडलला, एक मागून. वाटेत ते भांडत होते, असं राईच्या लोकांनी नंतर सांगितलं. शेडमध्ये लावल्यावर सुधीर हात न धुता निघून गेला. त्यानंतर पुन्हा अबोला. पहिल्यापेक्षा कडक, कारण आता निरोप्याही नव्हता. प्रकाश लग्न करून खाडीपलीकडे नायगावला गेला. दोघं आईला भेटायला येतात, पण एकाच दिवशी नाही. कोण कधी येणार ते मी ठरवून देते, म्हणून जमतं. दोघांनाही विचारलं तर उत्तर तयार. सुधीर: त्याने सांगायला हवं होतं. प्रकाश: मी ओरडलो होतो. इंजिन उघडायचं तर ज्याची चूक त्याने उघडावं. म्हणून ते उघडलंच नाही.

आणि दर वर्षी पाडवा झाला की आई विचारायची, "फटफटी झाली का?" मला, मोठ्याने, दोघांपैकी जो आला असेल त्याला ऐकू जाईल असं.

यंदा पाडवा झाला. रामनवमी झाली. आईने विचारलं नाही. एका सकाळी कपाटातून पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "बसनेच जा. सोडे थोडेच आण, आता चावत नाहीत."

त्या रविवारी मी शेड उघडली.

मला काय येत होतं? सगळं. दोन महिने दोन माणसांची प्रत्येक सूचना माझ्या तोंडातून गेली होती. बोल्ट आळीपाळीने सैल कर. पिस्टनच्या रिंगची तोंडं समोरासमोर आणू नको. गॅस्केटला ग्रीस पुसट लाव. स्टुलावर बसून ऐकलेलं हात विसरत नाहीत, हातांनी ते कधी केलेलं नसलं तरी. सिलिंडर निघता निघेना. मी त्याला रॉकेल पाजलं, लाकडाने ठोकलं आणि दोन्ही भावांना मनात येईल ते बोलले. शेवटी निघाला. आतून ओरखडलेला, पिस्टन अर्धा वितळून भिंतीला फासलेला. कारखान्यामागच्या लेथवाल्याने तो हातात फिरवून विचारलं, "मॅडम, भाई लोग नहीं आये?" मी म्हटलं, "काम बोलो." त्याने सिलिंडरचा बोअर वाढवून दिला, मापाचा मोठा पिस्टन मिळवून दिला, आणि पुन्हा भावांचं विचारलं नाही. गंजलेली टाकी आणि कार्बोरेटर मी रॉकेलने धुतले, टायर नवे टाकले.

गेल्या आठवड्यात गाडी चालू झाली. धूर अंगणात गेला, कुंपणावरून पलीकडे गेला. जयाबेन आता काठी घेऊन चालते. ती म्हणाली, "उषाबेन, फिर से?" आणि पापडांवर कापड टाकून तिथेच बघत बसली. आई बाहेर आली. धुरात उभी राहिली. खोकली. आत जाऊन पिशवी घेऊन आली.

बातमी कशी पोचली कोण जाणे. सुधीरचा फोन आला, "रविवारी मी येतो, आईला नेतो. पण तो नको." दुसऱ्या दिवशी प्रकाशचा, "ताई, मी नेतो. दादाला कळवू नको." मी दोन्ही निरोप आईला सांगितले.

ती म्हणाली, "एकाच्या मागे बसून पडले. आता दुसऱ्याच्या मागे बसून पहिल्याबद्दल ऐकत जाऊ? तू ने."

"मला चालू करता येते, आई. चालवता येत नाही."

"मग शीक. आगोट संपायच्या आत."

बेचाळीस वर्षांची बाई, अडीचशे सीसीची गाडी. गल्लीतली पोरं हसतील. हसू देत.

तर, झालेली कामं. पेट्रोल भरलंय. ऑइल मापून मी टाकलंय, आणि टाकीचं झाकण लावायच्या आधी आईला मोठ्याने सांगितलंय, शेडमध्ये तिच्याशिवाय कुणी नसलं तरी. चाकांत हवा आहे. ब्रेक धरतात. लायसन्सच्या परीक्षेचा अर्ज दिलाय. रोज संध्याकाळी आई शेडमध्ये येते, पदराने सीट पुसते, एका बाजूला पाय सोडून बसते आणि मागची कडी धरते. मांडीवर घडी केलेली पिशवी. तोंड चौकच्या बाजूला, म्हणजे पत्र्याच्या भिंतीकडे. मी पुढे बसते आणि पायाखालची ती दांडी पुढे-मागे करून बघते. किक. गिअर. किक. गिअर.

राहिलेलं काम: गाडी स्टँडवरून खाली घेणे.